डोक्याला मुका मार: सीटी नॉर्मल, तरी भाऊ बरा नाही. रक्त तपासून कळलं असतं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली.

माझा धाकटा भाऊ, वय ३१, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात दुचाकीवरून घसरला. भुरभुर पाऊस, उतारावर वाळू पसरलेली, त्यात समोर कुत्रं आलं. हेल्मेट होतं. डोकं दुभाजकावर आपटलं. जखम नाही, रक्त नाही. पण मदतीला धावलेल्या माणसाला त्याने तीनदा एकच प्रश्न विचारला, "माझी गाडी कुठंय?" गाडी त्याच्या पायाशीच पडली होती.

दवाखान्यात डोक्याचा सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला. दोन गोळ्या दिल्या आणि "काही झालेलं नाही, परवापासून कामाला जा" म्हणून घरी पाठवलं.

आज चौथा आठवडा संपतोय. ट्यूबलाइटचा उजेड त्याला सोसत नाही. माझी लेक रडली की कानांवर हात ठेवून दुसऱ्या खोलीत जातो. एक्सेलची शीट उघडली की अर्ध्या तासात डोकं जड होतं, बोलता बोलता शब्द सापडत नाही. साहेब विचारतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे ना?" आई मायेनेच म्हणते, "मन घट्ट कर बाळा." आणि परवा रात्री तो मला म्हणाला, "ताई, मी नाटक करतोय का गं?" त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही.

माझी मावसबहीण अमेरिकेत मिनियापोलिसला नर्स आहे. ती म्हणते, तिकडे डोक्याच्या मारासाठी रक्ताची तपासणी आलीय, पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही तपासणी नेमकी काय आहे? आणि ती तेव्हा केली असती, तर भावाला खरोखर इजा झालीय हे कागदावर आलं असतं का?

कोकणकडा

ताई, भावाला म्हणावं नाटक करणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही. हेल्मेट होतं म्हणून एवढ्यावर निभावलं. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

माळकरी

आमच्या वडिलांचं म्हणणं असायचं, रक्ताळलेल्या जखमेला भिऊ नका, मुक्या माराला भ्या. जखम ओरडून सांगते, मुका मार बोलतच नाही. आता त्याला रक्तातून बोलतं करणार म्हणायचं!

तातडीचा_डॉक्टर

मी नागपूरला अपघात विभागात काम करतो. जमेल तितकं सविस्तर लिहितो.

मेंदूला हिसका बसला की पेशींतली काही प्रथिनं फुटून बाहेर येतात आणि मेंदू आणि रक्त यांच्यामधली भिंत ओलांडून रक्तात उतरतात. सध्याच्या तपासणीत अशी दोन प्रथिनं मोजतात. पहिलं जीएफएपी, हे मेंदूतल्या तारकापेशींच्या सांगाड्याचा धागा आहे. तारकापेशी म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी. दुसरं यूसीएच-एल१, ते खुद्द चेतापेशींत भरपूर असतं. निरोगी माणसाच्या रक्तात दोन्ही अगदी नाममात्र.

अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि तपासण्या मंजूर करणारी तिथली सरकारी संस्था) अशा पहिल्या तपासणीला १४ फेब्रुवारी २०१८ रोजी परवानगी दिली. बनयान नावाच्या कंपनीची तपासणी होती आणि संशोधनाला अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा होता. इराक-अफगाणिस्तानात स्फोटाजवळ असलेले सैनिक बाहेरून धडधाकट दिसायचे आणि आतून हललेले असायचे, त्यामुळे लष्कराला याची गरज आधी भासली. मग २०२१ च्या जानेवारीत अ‍ॅबटच्या हातात मावणाऱ्या यंत्रावरची तपासणी मंजूर झाली, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच यंत्रावर थेट शिरेतल्या रक्तावर करता येणारी. तुमच्या बहिणीने सांगितलेली पंधरा मिनिटं ती हीच असावीत.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. उत्तर थोडं निराश करणारं आहे, पण स्पष्ट सांगतो. ही तपासणी "मेंदूला हिसका बसलाय का?" या प्रश्नासाठी मंजूर झालेलीच नाही. ती "या माणसाला सीटी काढायची गरज आहे का?" या प्रश्नासाठी आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि बातम्यांनी त्यांची पार खिचडी करून टाकलीय. तुमच्या भावाचा सीटी झालाच होता. म्हणजे जे काम ही तपासणी करते ते उरकलेलं होतं.

रानजाई

डॉक्टर, मनापासून आभार. पण मग मला अजून कोडं पडलं. प्रथिनं मेंदूतूनच आलीत ना? मग ती वाढलेली असतील तर इजा झालीच म्हणायची. हार्ट अटॅकमध्ये ट्रोपोनिन, म्हणजे हृदयातून रक्तात येणारं प्रथिन, बघतात तसं का नाही?

आकडेमोड

डॉक्टरांच्या आधी मी उत्तर देतो, कारण हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे. २०१८ च्या मंजुरीमागच्या अभ्यासाचे आकडे छापून आलेले आहेत, ते मांडून बघू.

अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २२ ठिकाणचे १९५९ प्रौढ रुग्ण. सगळ्यांच्या डोक्याला मार, सगळ्यांचा सीटी काढलेला, सगळ्यांचं रक्त १२ तासांच्या आत घेतलेलं. सीटीत काहीतरी सापडलं असे फक्त १२५ जण. शस्त्रक्रियेचा विचार करावा अशी इजा ८ जणांना.

रक्त तपासणी ६७१ जणांची निगेटिव्ह आली. त्यातल्या तिघांच्या सीटीत दोष निघाला, बाकी ६६८ साफ. म्हणजे निगेटिव्ह आली तर सीटी टाळायला हरकत नाही, यावर भरवसा ठेवता येतो.

पॉझिटिव्ह आली १२८८ जणांची. त्यातल्या १२२ जणांच्याच सीटीत काही होतं! उरलेल्या ११६६ जणांना "पॉझिटिव्ह आहे, सीटी काढा" सांगितलं असतं आणि सीटी साफ आला असता.

चाळण समजा. बारीक खडाही सुटू नये म्हणून भोकं इतकी लहान ठेवली की निम्म्याहून जास्त तांदूळ वर अडकून बसला. खाली पडलं ते निर्धास्त शिजवा. वर राहिलं ते खडाच असेल असं नाही, हाताने निवडावं लागेल. ट्रोपोनिनशी तुलना म्हणून फसते.

शेवंता

आकडेमोड, तांदळाचं उदाहरण माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढ्या बारीक चाळणीपेक्षा सूप बरं." वाचनखूण साठवली.

तातडीचा_डॉक्टर

आकडेमोड यांनी चोख मांडलं. एकच भर. त्या ११६६ जणांच्या मेंदूला काहीच झालं नव्हतं असंही छातीठोक म्हणता येत नाही. त्यांच्या सीटीत काही दिसलं नाही, इतकंच. सीटी हाड आणि ताजा रक्तस्राव उत्तम दाखवतो. चेतातंतू ताणले गेले, सूक्ष्म ठिकाणी रक्त झिरपलं, तर ते त्याला दिसेलच असं नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्रॅक-टीबीआय या मोठ्या अभ्यासगटाने नेमकं हेच तपासलं. सीटी नॉर्मल असलेले ४५० जण घेतले आणि काही दिवसांनी त्यांचा एमआरआय काढला. १२० जणांच्या एमआरआयमध्ये इजा दिसली, म्हणजे शंभरातल्या २७ जणांच्या. आणि पहिल्या २४ तासांत घेतलेल्या रक्तात याच लोकांचं जीएफएपी बाकीच्यांच्या कितीतरी पट होतं.

रानजाईताई, भावाला हे जरूर सांगा. सीटी नॉर्मल म्हणजे मेंदू नॉर्मल, असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं. आपण डॉक्टर लोक घाईत तसं बोलून जातो.

उत्तरध्रुव

मी स्वीडनमध्ये १४ वर्षं आहे, इथे इस्पितळात काम करते. अमेरिकेच्या २०१८ चा एवढा गाजावाजा होतो, पण इकडे त्याच्याही आधीपासून रक्त तपासतात. प्रथिन वेगळं, एस१००बी. स्कॅन्डिनेव्हियातल्या मेंदूइजा समितीच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत ते आहे. धोका कमी असलेला रुग्ण, म्हणजे आता पूर्ण भानावर आहे पण मध्ये क्षणभर शुद्ध हरपली होती किंवा दोनदा उलटी झाली, असा रुग्ण सहा तासांच्या आत आला तर एस१००बी बघायचं. लिटरला ०.१० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर सीटीशिवाय घरी सोडता येतं, सोबत सूचनांचा छापील कागद देऊन.

सहा तासांची अट कडक आहे, कारण एस१००बी रक्तातून भराभर उतरतं, तास-दीड तासात निम्मं होतं. उशिरा येऊन निगेटिव्ह आलं तर त्याला अर्थ नाही.

जाता जाता, इकडे हिवाळ्यात बर्फावर घसरून डोकं आपटलेल्यांची रांग लागते. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने अंगणात राख पसरवायला सांगितलं होतं. इथली नगरपालिका रस्त्यावर बारीक खडी टाकते, तत्त्व तेच.

परीक्षानळी

उत्तरध्रुव, छान माहिती. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, त्या बाजूने लिहिते.

एस१००बीचं दुखणं असं की ते एकट्या मेंदूचं नाही. चरबीत असतं, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींत असतं. मांडीचं हाड मोडलं, बरगड्या मोडल्या तरी वाढतं. आपल्याकडे दुचाकीवरून पडलेल्या माणसाचं डोकं तेवढं आपटलं आणि बाकी अंग शाबूत, असं कितीदा होतं? आणि आपल्या सावळ्या कातडीच्या लोकांसाठी उत्तर युरोपातली मर्यादा जशीच्या तशी उचलण्याआधी इथे मोजून बघायला हवी, असं माझं ठाम मत आहे. जीएफएपी त्या मानाने मेंदूशी प्रामाणिक.

वेळेचंही गणित वेगवेगळं. यूसीएच-एल१ लवकर चढतं, साधारण आठव्या तासाला शिगेला, मग उतरायला लागतं. जीएफएपी सावकाश चढतं, विसाव्या तासाच्या आसपास शिगेला, आणि आठवडाभर रक्तात सापडू शकतं. म्हणून जोडी घेतली. एक धावणारा, एक चालणारा.

मोजायचं प्रमाण किती सूक्ष्म ते सांगते. अ‍ॅबटच्या २०२१ च्या तपासणीत जीएफएपीची मर्यादा मिलिलिटरला ३० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. तेव्हाच्या यंत्राला रक्त चालत नसे, ते फिरवून प्लाझ्मा वेगळा काढावा लागे. म्हणजे सेंट्रिफ्यूज हवं, वीज हवी, माणूस हवा. २०२४ ला थेट रक्त चालायला लागलं आणि मार लागल्यापासून रक्त तपासायची मर्यादा १२ वरून २४ तासांवर गेली, हा माझ्या मते त्या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा टप्पा आहे. यंत्र रुग्णाकडे न्यायचं तर मधली खोली जायलाच हवी होती.

खडूस_आजोबा

मला यात धंदा दिसतो. साध्या तापाला पंधरा तपासण्या लिहून देतात, आता डोक्याला टेंगूळ आलं की सोळावी. आणि पॉझिटिव्ह आली की सीटी आहेच. आकडेमोड यांच्याच हिशेबाने १९५९ पैकी १२८८ जणांचा दोन्हींचा खर्च झाला. वाचलं कोणाचं? आमच्या वेळचे डॉक्टर डोळ्यांत बॅटरी मारून बघायचे, चालायला लावायचे, चार प्रश्न विचारायचे.

तातडीचा_डॉक्टर

आजोबा, तुमच्या मुद्द्याचा पहिला भाग मला मान्य आहे. चार प्रश्न विचारणं आजही पहिलं पाऊल आहे. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये डोळे, बोलणं, हालचाल यांना गुण देऊन जे मोजमाप बसवलं, ते आम्ही रोज वापरतो. कॅनडाचा २००१ चा नियम आहे. दोन तासांनंतरही गुण पूर्ण १५ नाहीत, कवटी मोडल्याची शंका आहे, दोन किंवा जास्त उलट्या झाल्या, वय ६५ किंवा जास्त आहे, आपटण्याआधीच्या अर्ध्या तासाचं आठवत नाही, अपघातच जोराचा होता, यातलं काही असेल तर सीटी. त्याला एक पैसाही लागत नाही. हा नियम नीट वापरला तरी बरेच सीटी टळतात. तो न वापरता सरसकट रक्त तपासायला लागलो तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल.

पण वाचलं कोणाचं म्हणाल, तर त्या ६७१ जणांचं. अभ्यास म्हणून त्यांचाही सीटी काढला, एरवी किरणोत्सर्ग टळला असता, रात्रीची ताटकळ टळली असती. आणि सीटीचं यंत्र दाराशी नसेल तिथे हिशेब आणखी बदलतो.

डोंगरशाळा

डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर लिहायलाच हवं. मी दुर्गम तालुक्यात शिक्षक आहे. आमच्याकडे सीटी नाही. जिल्ह्याला जायला कोरड्या रस्त्याने अडीच तास, पावसाळ्यात नाला चढला तर देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी मोहाची फुलं वेचायला गेलेल्या एका बाईच्या डोक्यात वाळकी फांदी पडली. बेशुद्ध झाली, मग उठून बसली. लोकांनी कांदा फोडून हुंगवला, हळद दाबली. ती म्हणे, "मी बरी हाय, जाऊ द्या मला." आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरपुढे प्रश्न होता, पाठवायचं की ठेवायचं? पाठवलं तर गाडीचं पेट्रोल, सोबत एक माणूस, दोघांची दोन दिवसांची मजुरी, घरी तान्हं मूल. नाही पाठवलं आणि रात्री काही झालं तर? शेवटी १०८ ची रुग्णवाहिका बोलावली आणि पाठवलं. सीटी साफ निघाला. ती चांगली आहे आज. पण त्या फेरीसाठी घेतलेलं कर्ज ती पुढच्या हंगामापर्यंत फेडत होती.

आजोबा, शहरात तुम्हाला ती सोळावी तपासणी वाटेल. आमच्या आरोग्य केंद्रात तसं यंत्र असतं आणि ते निगेटिव्ह आलं असतं, तर ती बाई त्या रात्री आपल्या मुलाजवळ झोपली असती.

खडूस_आजोबा

डोंगरशाळा, हे मला सुचलंच नव्हतं. तुमचं म्हणणं पटलं. माझा आक्षेप शहरापुरता ठेवतो.

पाचवा_थर

अवांतर होईल, पण गोविंदा आहे म्हणून लिहितो. सरावात पडलेलं पोरगं दोन मिनिटं बसतं, पाणी पितं आणि पुन्हा थर लावायला उभं राहतं, हे मी स्वतः बघितलंय. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायला बंदी आहे, पण १५-१६ ची पोरं असतातच. वर चढणारा हलका म्हणून तोच सगळ्यात उंचावरून पडतो. आमच्या पथकात आता नियम केलाय, डोकं आपटलं की त्या दिवशी पुन्हा चढायचं नाही, तो कितीही म्हणाला तरी. ही तपासणी आमच्या पोरांना चालेल का?

तातडीचा_डॉक्टर

पाचवा_थर, तुमचा नियम लाखमोलाचा आहे, सगळ्या पथकांनी उचलावा. तपासणीची मंजुरी १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे. लहान मुलांचं रक्तातलं प्रमाण वयानुसार बदलतं, मोठ्यांची मर्यादा त्यांना लावता येत नाही. मुलांसाठी २००९ मध्ये अमेरिकेत ४२ हजारांहून जास्त मुलांवर अभ्यास करून सीटी कधी काढायचा याचे नियम बसवलेत, दोन वर्षांखाली वेगळे आणि वर वेगळे. आम्ही तेच बघतो.

यष्टीमागे

क्रिकेटचा विषय निघाला नाही तर मराठी धागा कसला! रमण लांबा आठवतो का कोणाला? फेब्रुवारी १९९८, ढाका. फलंदाजाच्या अगदी जवळ उभा होता, हेल्मेट नाही, चेंडू डोक्यावर बसला. स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. आणि काही दिवसांत गेला. मी तेव्हा शाळेत होतो, आमच्या सरांनी दुसऱ्या दिवसापासून जवळच्या जागेवर कोणालाच उभं केलं नाही.

स्टीव्ह स्मिथचंही बघा, ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. आर्चरचा चेंडू मानेवर बसला, तपासून घेतलं, पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं, गरगरायला लागलं. त्याच्या जागी लाबुशेन आला. कसोटीतला तो पहिला कन्कशन (डोक्याला मार बसून मेंदूला बसलेला हिसका) बदली खेळाडू, नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. म्हणजे मैदानावरची तपासणी पास होऊनही नंतर त्रास सुरू होतो. तिथे रक्त तपासलं तर लगेच कळेल ना?

परीक्षानळी

यष्टीमागे, तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं अगदी वेगळी आहेत. लांबांच्या बाबतीत कवटीच्या आत रक्तस्राव होता. माणूस उठतो, बोलतो, चालतो आणि मग कोसळतो. अभिनेत्री नताशा रिचर्डसन २००९ मध्ये कॅनडात बर्फाच्या उतारावर पडली, मी ठीक आहे म्हणाली, दोन दिवसांत गेली. असा रक्तस्राव सुटू नये, हेच या रक्त तपासणीचं काम.

स्मिथची गोष्ट रानजाईंच्या भावासारखी. तिथे प्रश्न रक्तस्रावाचा नसून मेंदूच्या कामकाजाचा असतो. २०२२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर तज्ज्ञांची परिषद झाली. रक्तातली प्रथिनं सध्या संशोधनापुरती ठेवा, खेळाडूला कन्कशन आहे की नाही हे त्यावरून ठरवू नका, असा तिचा सूर होता. पाच-सात खेळाडू एकाच वेळी धावलेत, घामाघूम झालेत, एखाद्याला मागच्याच आठवड्यात मार लागलाय, तर रक्तात काय काय मिसळलेलं असेल!

वहिनी_साताऱ्याच्या

वाचतेय. माझा अनुभव सांगते, म्हातारी माणसं असलेल्या घरांनी नीट वाचावा.

सासरे ७४ वर्षांचे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू. मागच्या दिवाळीच्या आधी न्हाणीघरात घसरले, डोक्याला थोडं लागलं. ते म्हणाले काही नाही, आम्हीही ऐकलं. पाच आठवड्यांनी चालताना उजवा पाय ओढायला लागले, नातवाचं नाव विसरले. आम्हाला वाटलं वय झालं. धाकट्या दिरांनी हट्टाने नेलं, तर मेंदूवर जुनं रक्त साठलेलं. कवटीला छिद्र पाडून काढलं. आता रोज सकाळी फिरायला जातात, नातवाला अभ्यासावरून रागावतात. तेव्हा ही रक्त तपासणी असती तर पाच आठवड्यांनी कळलं असतं का?

तातडीचा_डॉक्टर

वहिनी, बाबा बरे झाले हे वाचून फार बरं वाटलं. तपासणी २४ तासांच्या आतली आहे, पाच आठवड्यांनंतर तिचा उपयोग नव्हता. आणि पडले त्या दिवशीही मी त्यांच्या बाबतीत रक्तावर थांबलो नसतो. वयाबरोबर जीएफएपी मुळातच चढतं असतं, त्यामुळे वयस्करांमध्ये तपासणी बहुधा पॉझिटिव्हच येते. रक्त पातळ करणारी गोळी आणि डोक्याला मार, एवढं कळलं की सरळ सीटी. आणि पुढचे दोन महिने चाल, बोलणं, विसरणं यांवर नजर.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येऊ का? रानजाईंच्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच मिळालंय. सीटीने नाही सांगितलं, रक्तानेही सांगितलं नसतं, मग सांगणार कोण?

चालते_व्हा

मी सांगते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तोल आणि चक्कर यांच्या रुग्णांबरोबर काम करते.

कन्कशनचं निदान गोष्टीवरून होतं. काय घडलं, तेव्हा माणूस कसा वागला, नंतर काय त्रास झाला. तुमच्या भावाने तीनदा "माझी गाडी कुठंय" विचारलं ना? पायाशी पडलेली गाडी न दिसणं, विचारलेलं लगेच विसरणं, हाच पुरावा. तिथे उभा असलेला तो अनोळखी माणूस या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा साक्षीदार. त्याचा नंबर असेल तर विचारून सगळं लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे, त्याला अंधाऱ्या खोलीत झोपवून ठेवलं असेल तर आता बाहेर काढा. विश्रांती पहिल्या एक-दोन दिवसांपुरतीच, तीही घरातल्या घरात हिंडतफिरत. त्यानंतर हलकं चालणं फायद्याचं ठरतं. त्रास किंचित वाढला तर चालेल, पण तासाभरात उतरला पाहिजे. तेवढाच डोस. स्क्रीनचंही तसंच, अर्ध्या तासाला डोकं जड होत असेल तर वीस मिनिटांना थांबायचं, जड होईपर्यंत ओढायचं नाही. मान तपासून घ्या, कारण डोकं आपटतं तेव्हा मानही मुरगळते आणि बरीच डोकेदुखी तिथून येऊ शकते. डोळे आणि कानातला तोल यांचे व्यायाम असतात, ते शिकवणारं कोणी शोधा.

चार आठवड्यांवर गेलं की आम्ही "रेंगाळलेली लक्षणं" म्हणतो. म्हणजे कायमचं झालं असं नाही, पण आपोआप जाईल म्हणून वाट बघायचीही वेळ संपली. मेंदूविकारतज्ज्ञाला परत दाखवा. डोकेदुखी रोज वाढत असेल, उलट्या, झापड, हातपाय जड पडणं असं काही असेल तर आजच्या आज.

तातडीचा_डॉक्टर

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. एक गोष्ट भावाच्या साहेबांसाठी. अशा इजेला आम्ही "सौम्य" म्हणत आलो, ग्लासगो गुण १३ ते १५ असले की सौम्य. मृत्यूचा धोका कमी या अर्थाने तो शब्द होता, त्रास कमी या अर्थाने नव्हता. २०२५ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सौम्य-मध्यम-तीव्र ही वाटणी सोडून नवी चौकट सुचवलीय. लक्षणं, रक्तातली प्रथिनं, एमआरआय-सीटी आणि माणसाची परिस्थिती, अशा चार अंगांनी इजा लिहायची. त्यात रक्ताला स्वतःची जागा आहे, पण चौघांतला एक म्हणून. आमच्याकडच्या कागदांवर हे यायला वेळ लागेल. तोवर तुम्ही स्वतः मागा. "सीटी नॉर्मल" एवढ्याऐवजी "कन्कशन, लक्षणं चालू" असं लिहून मागा.

सुपारीची_बाग

इतका चांगला धागा खूप दिवसांनी वाचला. हेल्मेट असूनही असं होतं हे मला माहीत नव्हतं. मग हेल्मेटचा उपयोग काय, असं कोणी म्हणायच्या आत डॉक्टरांनी लिहावं ही विनंती.

तातडीचा_डॉक्टर

हेल्मेट कवटी वाचवतं, जीव वाचवतं. डबीला रुमाल गुंडाळला तरी आतली गोळी हलते, तसा मेंदू आतल्या आत हिसका खातोच, पण डबी फुटत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. विनाहेल्मेट आलेले माझे रुग्ण कन्कशनची तक्रार करायला चार आठवड्यांनी येऊ शकत नाहीत. आयएसआय मार्क बघून घ्या, पट्टा लावा, आणि एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका. रानजाईताई, भावाचं बदललं का?

रानजाई

नव्हतं बदललं. काल बदललं.

सगळ्यांना एकत्रच उत्तर देते. भावाला स्क्रीन बघवत नाही म्हणून मी हा धागा त्याला दोन संध्याकाळी वाचून दाखवला, थांबत थांबत. ११६६ जणांचा आकडा त्याने दोनदा वाचायला लावला. एमआरआयमध्ये इजा दिसलेल्या १२० जणांचं ऐकलं तेव्हा तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे सीटी नॉर्मल असलेले असे लोक आहेत."

त्या माणसाचा नंबर सापडला, भावाच्या फोनमधून त्यानेच मला कॉल केला होता. कोपऱ्यावर त्याची पंक्चरची टपरी आहे. त्याला सगळं लख्ख आठवतंय, भाऊ आमच्या जुन्या घराचा पत्ता सांगत होता म्हणे. ते घर सोडून आम्हाला नऊ वर्षं झाली. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

गुरुवारी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पाऊण तास दिला. त्या टपरीवाल्या दादांचं सांगणं त्यांनी केसपेपरवर जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि खाली "कन्कशन" लिहिलं. रक्त तपासायचं का विचारलं तर म्हणाले, आता उशीर झाला, आणि आता गरजही नाही. तीन आठवडे अर्धा दिवस काम, मानेचे व्यायाम, रोज वीस मिनिटं चालणं. साहेबांनी कागद बघून हो म्हटलंय.

चालते_व्हा, पुण्यात तोलाचे व्यायाम शिकवणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर व्यक्तिगत निरोप कराल का?

चालते_व्हा

केला. सकाळची वेळ घ्या, दुपारी तिथल्या खोलीत ऊन फार येतं.